निकाल ९४ टक्के. पण कोणाचा?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पेपरात एक फोटो हमखास येतो. मागे पत्र्याची भिंत, पुढे हसणारी मुलगी, शेजारी पेढा भरवणारी आई. आई धुणीभांडी करते किंवा कचरा वेचते, मुलीला ८०-८५ टक्के. आपण तो फोटो शेअर करतो, खाली 'सलाम' लिहितो, दोन हात जोडलेले टाकतो आणि पुढे सरकतो.

मीही हे वर्षानुवर्षं केलंय. यंदा हात उचलला नाही. का, ते सांगायला ही पोस्ट. लांब आहे, पण वेळ काढून पूर्ण वाचा. शिव्या द्यायच्या असतील तर शेवटी द्या.

मी दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी सात ते नऊ गोवंडीत, शिवाजीनगरमध्ये, आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. संस्था वगैरे काही नाही, देणगी मागायला आलेलो नाही. दहा बाय बाराची खोली, एक फळा, एक पंखा, तोही लाइट असेल तर. गणिताचा माणूस असल्यामुळे एक सवय लागलीय. कोणी टक्के सांगितले की मी आधी छेद विचारतो. किती टक्के हा नंतरचा प्रश्न. कितीपैकी, हा पहिला.

मे २०२५. राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के. आदल्या वर्षी ९५.८१ होता. म्हणजे शंभरातली ९४ पोरं पास. वाचून वाटतं, प्रश्न मिटला की! पण हे शंभर कोण? परीक्षेला बसलेले. जो नववीत सुटला, जी आठवीनंतर घरी बसली, ते या शंभरात नाहीतच. ते नापास झाले नाहीत, पास झाले नाहीत, गैरहजरही नाहीत. बोर्डाच्या हिशोबात ते जन्मालाच आले नाहीत.

आता माझ्या वहीतला हिशोब देतो. हा सरकारी आकडा नाही, एका खोलीतला आहे, तेवढाच समजा.

जून २०२२ मध्ये माझ्याकडे आठवीची २० मुलं यायची. मार्च २०२५ मध्ये त्यातली ९ दहावीच्या परीक्षेला बसली. ८ पास झाली, एक गणितात गेला.

बोर्डाच्या पद्धतीने माझा निकाल काढा. ९ पैकी ८, म्हणजे जवळपास ८९ टक्के. सत्कार करा माझा. माझ्या पद्धतीने काढा. २० पैकी ८. चाळीस टक्के. दोन्ही हिशोब बरोबर आहेत. फक्त एकात ११ मुलं खोडून टाकलीत.

ती ११ मुलं कुठे गेली ते मला माहितीये, कारण मी प्रत्येकाच्या घरी जाऊन आलोय. नावं सांगणार नाही, हिशोब सांगतो.

तीन मुली. त्यांची शाळा आठवीपर्यंतच होती. नववीची शाळा हायवेच्या पलीकडे. रस्त्यात दोन ठिकाणी टोळकी बसलेली असतात, संध्याकाळी खांबावर दिवा नाही. एकीची ओढणी ओढली. घरी कळलं, दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. तिघी मैत्रिणी होत्या, एकमेकींच्या सोबतीने जायच्या. एक थांबली तशा दुसऱ्या दोघीही थांबल्या. एकीची आई मला म्हणाली, "सर, पोरगी शिकली पाहिजे हे मलाही कळतंय. पण हिला काय झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?

दोन मुलं कामाला लागली. एक जीन्सच्या कारखान्यात, एक चिकनच्या दुकानात. पहिल्याचे वडील डंपिंगवर पायात काच घुसून दोन महिने घरी बसले. दोन महिन्यांची उधारी फेडायला पोराने सहा महिने शाळा सोडली. आणि सहा महिने सोडलेली शाळा परत धरता येत नाही, हे ज्याने कधी सोडलीय त्यालाच कळतं.

दोघं चुलतभाऊ. फेब्रुवारीत झोपडी तुटली. रात्री सामान टेम्पोत टाकून मुंब्र्याच्या पुढे नातेवाइकांकडे गेले. 'परीक्षेला येतो सर' म्हणाले होते. आले नाहीत.

एकजण 'बटन'वर गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बटन म्हणजे झोपेच्या गोळ्या. आमच्याकडे नशेसाठी विकतात, आणि शाळेच्या आसपासच विकतात. मुलगा हुशार होता. बीजगणित तोंडी सोडवायचा. आता मला बघितलं की गल्ली बदलतो.

एक डोंगरीला, बालसुधारगृहात. दोन गटांची मारामारी झाली, हा सोबत होता. त्याने मारलं का? मला माहीत नाही. पण त्या गल्लीत कुणाच्या तरी सोबत असणं ही निवड नसते. एकटा राहिलास तर दोन्हीकडून मार खातोस.

एका मुलीचं गावी लग्न लावलं. सोळावं चालू होतं. २००६ चा कायदा आहे, मंडपात तो कुणी वाचून दाखवला नाही.

आणि शेवटचा एक. त्याला शाळेनेच नववीत सांगितलं, तू कच्चा आहेस, १७ नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस. कारण तो बसला असता तर शाळेच्या निकालाचा टक्का खाली आला असता. १७ नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा. ज्यांची शाळा सुटली त्यांना परत यायला तो दरवाजा ठेवलाय, चांगला आहे. इथे तो बाहेर काढायला वापरला. फॉर्म त्याने भरलाच नाही. शाळेचा निकाल मात्र उत्तम लागला. ही शाळा एकटी नाही, दहावीला शिकवणाऱ्या कोणत्याही मास्तरला एकांतात विचारा.

तीन, दोन, दोन, एक, एक, एक, एक. अकरा.

यातला एकही 'अभ्यासात मन नाही' म्हणून गेलेला नाही. याला सरकारी भाषेत 'गळती' म्हणतात. मला या शब्दाचा संताप येतो. नळ गळतो तेव्हा वॉशर खराब असतो, पाण्याचा दोष नसतो. मुलं गळत नाहीत. मुलांना ढकललं जातं, आणि कुठे ढकललं जातं ती जागाही पक्की ठरलेली आहे.

ती जागा म्हणजे आठवीची वेस.

बघा काय काय आठवीला संपतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. हक्क कुणाला? ६ ते १४ वर्षं, पहिली ते आठवी. आठवी संपली, हक्क संपला. शाळेतली खिचडी पहिली ते आठवी. नववीच्या पोराला भूक लागत नाही असं बहुतेक दिल्लीत ठरलेलं आहे. खाजगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांचं मोफत शिक्षणही आठवीपर्यंत. पोरगं पहिलीपासून जिथे वाढलं तीच शाळा नववीत पूर्ण फीचा कागद हातात देते. आणि महापालिकेच्या शाळा? प्राथमिक भरपूर, माध्यमिक त्या मानाने फार थोड्या. सातवी-आठवी झाली की दाखला घ्या आणि नवी शाळा शोधा. त्यातही तुमच्या माध्यमाची. मुंबई महापालिका आठ भाषांत शाळा चालवते, याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाही. पण हिंदी किंवा उर्दूत आठवीपर्यंत शिकलेल्या मुलीला त्याच माध्यमाची नववी चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली नाही, तर त्या आठ भाषांचं तिने काय करायचं?

आता चौदाव्या वर्षी सुरू काय होतं ते बघा. बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये बदलला. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवायला बंदी, चांगली गोष्ट. पण चौदा पूर्ण झाले की धोकादायक सोडून बाकी कामं चालतात. आणि चौदाच्या आतही 'कुटुंबाच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर मदत' चालते. आमच्याकडे धागा कटिंग, भंगार निवडणं, जरीकाम, सगळं कुटुंबाचाच धंदा असतो. घरात पोतं येऊन पडतं आणि संध्याकाळी सात वाजता माझ्या वर्गातल्या दोन मुली गैरहजर असतात.

म्हणजे ज्या वाढदिवसाला शिकण्याचा हक्क संपतो, त्याच वाढदिवसाला राबण्याची परवानगी सुरू होते. हे दोन्ही कायदे एकाच देशाच्या संसदेने केलेत. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण आमच्या पोरांसाठी त्याचा अर्थ एकच निघतो. झालं तुमचं, आता कामाला लागा.

आणि हे महाराष्ट्रात! फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे सभा सुरू होत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मागणी केली की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचं आणि मोफत शिक्षण सुरू केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून ते सकाळी भरवलं. १८८२ ला बारा. आज चौदा. एवढ्या वर्षांत आपण दोन वर्षं पुढे सरकलो. जयंतीला डीजे लावा, हरकत नाही, पण हा हिशोबही एकदा लाउडस्पीकरवर वाचा.

आता काही जण म्हणणार, गोवंडीचं वेगळं आहे हो, तिथलं वातावरणच तसं. वातावरण आभाळातून पडलं नाही. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. कत्तलखाना १९७१ मध्ये वांद्र्याहून इकडे आणला. १९७६ मध्ये, आणीबाणीत, जनता कॉलनी उठवली आणि माणसं चिता कॅम्पला आणून टाकली. पुढे रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेल्यांना लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडच्या इमारतींत कोंबलं. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्या पाडल्या, त्यात मानखुर्द-गोवंडी होतंच. शहराला जे जे नको झालं ते इकडे आलं. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आमचा एम पूर्व विभाग सगळ्या विभागांत तळाला होता. जानेवारी २०१६ मध्ये डंपिंगला आग लागली तेव्हा धूर दक्षिण मुंबईपर्यंत गेला म्हणून देशभर बातमी झाली. इथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्या पोरांनी तो धूर त्याआधीही खाल्ला होता आणि नंतरही खातायत, ती बातमी नव्हती.

तेव्हा वातावरण म्हणू नका. वसवलेलं आहे हे.

दुसरा आक्षेप ठरलेला. 'महापालिका सगळं फुकट देते. दप्तर, गणवेश, बूट, रेनकोट. २७ वस्तू! तरी शिकत नाहीत.' देते, खरंय, आणि चांगलं करते. पण माझ्या त्या अकरांपैकी एकाचीही शाळा रेनकोट नव्हता म्हणून सुटली नाही. रस्ता नव्हता, घर नव्हतं, नववी नव्हती. अठ्ठाविसावी वस्तू म्हणून नववीचा वर्ग द्या.

तिसरा आक्षेप. 'पालकच निष्काळजी.' काही असतात. दारू पिऊन पोराची वह्या-पुस्तकं फेकणारा बाप मी पाहिलाय. पण निष्काळजी बाप मलबार हिलवरही असतात. फरक एवढाच की तिथे बाप निष्काळजी असला तरी पोरगं बारावी होतं. शाळा असते, ट्यूशन असते, वेगळी खोली असते, भांडण झालं तर मावशीचं घर असतं. आमच्याकडे बाप घसरला की पोरगं थेट खाली. मध्ये काही नाही. ते 'मध्ये काही' उभं करणं यालाच सरकार म्हणतात ना?

चौथा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो आपल्याच लोकांकडून येतो. 'तिथे सगळे बाहेरचे.' माझ्या वर्गात जालन्याची पोरं आहेत, बीडची आहेत, उत्तर प्रदेशची आहेत, बिहारची आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्यांची तिसरी पिढी आहे. अपूर्णांक सगळ्यांना सारखाच अवघड जातो. आणि बटन विकणारा गिऱ्हाइकाची जात, धर्म, जिल्हा विचारत नाही. निदान त्याच्याएवढं तरी समदर्शी व्हा.

शिक्षकांबद्दल दोन शब्द. महापालिकेच्या शाळेतले वाईट शिक्षक मला माहितीयेत, आणि स्वतःच्या खिशातून परीक्षेची फी भरणारे शिक्षकही माहितीयेत. दुसऱ्या प्रकारचे तुम्हाला वाटतात त्याहून जास्त आहेत. पण मतदारयादी, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, आधार जोडणी, या सगळ्यातून उरलेल्या वेळात ते शिकवतात. शिक्षक वर्गातून उठवायचा आणि मग निकालाचा टक्का त्याच्याच गळ्यात बांधायचा, मग तो कच्च्या पोराला १७ नंबर दाखवणारच. पाप शाळेचं, पण ते करायला लावणारा टक्का वरून येतो.

रात्रशाळांचंही तेच. फुले दांपत्याने १८५५ मध्ये आपल्या घरात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली. मुंबईत गिरणगावाच्या काळापासून रात्रशाळांत शिकून हजारो जण मॅट्रिक झाले. दिवसा काम करणाऱ्या पोराला हाच एक धड मार्ग. आणि २०१७ मध्ये सरकारने एका निर्णयाने दिवसा-रात्री दोन्हीकडे शिकवणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळांतून काढलं. दुहेरी नोकरी नको, हे तत्त्व ठीक. पण आधी दुसरा शिक्षक आणा, मग पहिल्याला काढा. आमच्या जीन्स कारखान्यातल्या पोराला मी रात्रशाळा सुचवली होती. त्याने विचारलं, "सर, तिथं गणिताला कोण हाय?"

पैशाचं बोलू. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटी. त्यात शिक्षणाला साधारण ३,९५५ कोटी. बँकांतल्या ठेवी ८० हजार कोटींच्या घरात. देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका. गरीब आम्ही आहोत, आमची महापालिका नाही. त्यामुळे 'निधी नाही' हे वाक्य मुंबईत कुणी उच्चारू नये. आणि विचारायचं कुणाला होतं? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर प्रशासक आला. नगरसेवक नव्हते म्हणून शिक्षण समिती नव्हती. तीन वर्षं या शहराच्या शाळांबद्दल सभागृहात एकही प्रश्न विचारला गेला नाही, कारण सभागृहच नव्हतं. माझी वीस मुलं वीसची नऊ झाली ती नेमकी याच तीन वर्षांत.

राज्य सरकारची दिशा बघायची असेल तर फेब्रुवारी २०२४ आठवा. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट, असा नियम काढला. गरिबाचं पोर चांगल्या शाळेत जाण्याची जी एक फट होती ती बुजवायला निघाले होते. जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो रद्द केला म्हणून वाचलो. दुसरीकडे २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, २०३० पर्यंत पूर्वप्राथमिक ते माध्यमिक सगळी मुलं शाळेत. शंभर टक्के. धोरणात शंभर, कायद्यात आठवी. २०२५ मध्ये २०३० ला पाच वर्षं राहिली होती. एवढ्यात तर एक सहावीतलं पोर दहावी होतं. झालं तर.

मग करायचं काय? फक्त रडायला मी बसलेलो नाही. पाच मागण्या आहेत, त्यातली एकही चंद्रावरची नाही.

१) छेद जाहीर करा. दहावीच्या निकालासोबत प्रत्येक वॉर्डाचा दुसरा आकडा छापा. तीन वर्षांपूर्वी आठवीत किती होते आणि त्यातले किती पास झाले. माहिती नाही असं सांगू नका. 'सरल' पोर्टलवर प्रत्येक मुलाची नोंद आहे, आधार जोडलेलं आहे. पोराचं आधार नसेल तर शिक्षकाला नोटीस काढता, मग तेच पोर गायब झालं तर कुणालाच नोटीस का नाही?

२) जिथे आठवी तिथे दहावी. त्याच इमारतीत, त्याच माध्यमात. जागा नसेल तर दुपारचं सत्र चालवा. वर्ग सुरू होईपर्यंत नववी-दहावीच्या मुलींसाठी बस द्या, आणि त्या बसमध्ये बाई असू द्या. माझ्या तीन मुली एवढ्यावर वाचल्या असत्या. एका बसवर.

३) शाळेच्या इमारती रात्री दहापर्यंत अभ्यासिका म्हणून उघड्या ठेवा. आमच्या भागात सगळ्यात भक्कम, दिवे असलेली, संडास असलेली इमारत शाळेचीच असते आणि सहा वाजता तिला कुलूप लागतं. दहा बाय दहाच्या घरात सहा माणसं, टीव्ही, शेजारचं भांडण, यात पोरगी प्रमेय कुठे बसून पाठ करणार? गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीत तलवारी निघाल्या. सगळ्यांनी दिवे घालवून कड्या लावल्या. माझी एक विद्यार्थिनी अंधारात आईच्या मोबाइलच्या उजेडात सूत्रं वाचत होती, बॅटरी संपेपर्यंत. तिला ६१ टक्के मिळाले. त्या ६१ ला मी कुणाच्याही ९५ च्या वर ठेवतो. पण तिला तसं वाचावं लागलं ही अभिमानाची गोष्ट नाही, लाजेची आहे. तिची नाही, आपली.

४) पावसाळ्यात राहती झोपडी पाडू नये असा शासनाचा दंडक आहे. तसाच जानेवारी ते परीक्षा संपेपर्यंतचा करा. घर अनधिकृत असेल, पोराची परीक्षा अधिकृत आहे. हॉल तिकिटावर बोर्डाचा शिक्का असतो.

५) खिचडी दहावीपर्यंत न्या आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत एक पूर्णवेळ समुपदेशक नेमा. महिन्यातून एकदा येऊन भाषण करणारा नको, रोज असणारा. बटनवर गेलेल्या पोराने जाण्याआधी तीन आठवडे मला सांगायचा प्रयत्न केला होता. मी गणित शिकवत होतो. माझ्या लक्षात आलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी इथे लिहून ठेवतोय.

सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितलं. निवडणूक आली की तुमच्या गल्लीत उमेदवार येतील, वह्यावाटप करतील, दहावीच्या गुणवंतांचा सत्कार ठेवतील, बॅनरवर स्वतःचा फोटो मोठा आणि पोरांचा छोटा. जा सत्काराला. वडापाव खा. आणि माइक हातात आला की एकच प्रश्न विचारा. 'साहेब, आपल्या वॉर्डात तीन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती?' उत्तर येणार नाही. नाही आलं तर दुसऱ्या उमेदवाराला विचारा. तिसऱ्याला विचारा. हा प्रश्न दहा सभांत विचारला गेला ना, तर अकराव्या सभेला कुणीतरी आकडा शोधून आणेल. आकडा आला की त्याच्या मागून ती मुलंही दिसायला लागतात.

फोटोतल्या मुलीचं कौतुक करू नका असं मी म्हणत नाही. करा, मनापासून करा. तिने डोंगर चढलाय. पण डोंगर तिच्या वाटेत ठेवला कुणी, हे न विचारता वाजवलेल्या टाळ्या डोंगर ठेवणाऱ्यालाच पोचतात. 'बघा, हिला जमलं' म्हणताना आपण बाकीच्या अकरांना 'तुम्हाला का नाही जमलं' असं विचारत असतो. गरीब पोराला पास व्हायला असामान्य असावं लागतं आणि आपल्या पोराला साधारण असून चालतं, हा अन्याय आहे. मला आमच्याकडे असामान्य मुलं नकोत. साधारण मुलं, साधारण अभ्यास करून, ५५ टक्क्यांनी, कंटाळत, कुरकुरत दहावी झालेली मला बघायचीयेत. तुमची होतात तशी.

तो एक गणितात गेलेला सांगायचा राहिला. ३५ ला चार मार्क कमी. निकालाच्या दिवशी आला नाही, फोन बंद. चौथ्या दिवशी संध्याकाळी दारात उभा. शर्टाला ग्रीस. गॅरेजमध्ये लागलाय म्हणे, आठ दिवस झाले. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "सर, पुरवणीचा फॉर्म भरायचाय. शेठ सात वाजता सोडतो. साडेसातला आलो तर चालेल का?"

चालेल रे बाबा. आठला आलास तरी चालेल.

माझ्याकडून होतं ते मी करतोय. पण माझ्या खोलीत वीस पोरं मावतात, वॉर्डात हजारो आहेत. त्यांची नववी, त्यांची बस, त्यांचा दिवा ही माझी मेहेरबानी नाही आणि तुमचीही नाही. ते त्यांचं आहे. आठवीनंतर त्यांच्याकडून काढून घेतलंय, ते परत मागायचंय.

पटलं तर शेअर करा, नाव नाही टाकलं तरी चालेल. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. पण लिहिण्याआधी तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईंना एकदा विचारा, त्यांची पोरं कितवीत आहेत. आणि आठवीत असतील तर पुढचा प्रश्नही विचारा.